आठ पावलांचा गोल

वरण-बट्टीच्या पंगतीत उठून चालून दाखवायचं नसतं, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. तेही चालून झाल्यावर.

जळगावातल्या मेहरूणच्या एका मंगल कार्यालयात मुलीकडच्यांच्या बाजूनं आम्ही जेवायला बसलो होतो. शेजारी जाड मिशांचे एक अनोळखी गृहस्थ. चाळिशीचे असतील. बट्टी कुस्करून त्यावर तूप घेताना त्यांनी सहज विचारलं, "भाऊ, तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. पण सध्या इतिहास लिहितोय."

इतिहास म्हटल्यावर समोरचा माणूस एरवी दुसरीकडे बघायला लागतो. हे गृहस्थ मात्र म्हणाले, "कशाचा?" झालं. मला तेवढं पुरतं. आमच्या घरात लग्न असो की बारसं, गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असतं. म्हणजे कुणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं आहे.

इतिहास होता आमच्या फुटबॉल क्लबचा. क्लबला यंदा पन्नास वर्षं होतायत म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि लिहिता येतं असा समज असलेला सभासद मीच. रावेर-यावलकडची केळीवाल्यांची पोरं जळगावला कॉलेजात शिकायला आली, खोल्या करून राहिली, संध्याकाळी करायला काही नव्हतं म्हणून तलावाकाठच्या मोकळ्या जागेवर बॉल लाथाडू लागली. तिथून क्लब सुरू झाला. जर्सी म्हणजे पांढरे बनियन. ते एकाच घंगाळात निळीत बुडवले आणि अकरा वेगवेगळ्या निळ्या रंगांत बाहेर आले. गोलपोस्ट म्हणजे केळीच्या घडाला टेकू द्यायचे बांबू, कुणाच्या तरी शेतातून ट्रॅक्टरवर आणलेले. वरचा आडवा दांडा नव्हताच, सुताची दोरी ताणायची.

उन्हाळ्यात त्या जागेवर लग्नाचे मांडव पडत. म्हणून बांबू दरवर्षी उपटावे लागत आणि पोळा झाला की नव्यानं गाडावे लागत. मापायला टेप नव्हती. नियमाच्या पुस्तकात गोल आठ यार्डांचा लिहिलाय आणि यार्ड म्हणजे एक पाऊल, असं कुणीतरी सांगितलं. मग पाऊल कुणाचं, यावर पहिल्याच वर्षी भांडण झालं. तेव्हा ठरलं की ज्याला गोल राखायचाय त्यानंच तो मापायचा, म्हणजे हरल्यावर बोंबलायला जागा नको. हा रिवाज पुढे पंचवीस-तीस वर्षं चालला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोलकीपरनं आठ पावलं टाकायची, दोन्ही टोकांना लिंबू कापायचं आणि खड्डे खणायचे.

आता आमचा पहिला गोलकीपर म्हणजे जळगावात आख्यायिका. दहा वर्षं गोल राखला. क्लबच्या जुन्या वहीत त्याच्या काळातले स्कोअर बघितले तर समोरच्या संघापुढे ओळीनं शून्यं, जणू कुणी सरावासाठी काढलेली. नोकरी लागून तो धुळ्याला गेला, पण त्याच्या गोष्टी इथेच राहिल्या. मी गोलकीपर झालो तेव्हा तर त्या माझ्या डोक्यावरच राहायला आल्या. मी दोन वर्षं गोल राखला. राखला म्हणजे त्याच्यात उभा राहिलो. मला लोक 'सताड' म्हणायचे, कारण दार सताड उघडं. बॉल आत गेला की मागच्या बाभळीखाली बसलेली म्हातारी माणसं एकमेकांना सांगत, "याच गोलमध्ये तो उभा राहायचा. एक घुसू नाही दिला."

याच गोलमध्ये. हे दोन शब्द मी तीस वर्षं ऐकले.

आणि गेल्या महिन्यात स्मरणिकेसाठी फोटो गोळा करताना मला दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायला मिळाले. पहिल्यात जुना संघ, अकरा जण खांद्याला खांदा लावून गोलमध्ये उभे, आणि कडेचे दोघे चक्क बांबूंना कोपर टेकून. दुसऱ्यात आमचा संघ. अकरा जण उभे, आणि दोन्हीकडे इतकी जागा शिल्लक की डावीकडून एक बकरी आत येऊन आमच्यासोबत फोटोत उभी आहे.

मी सहा फूट एक इंच. तो पाच फूट दोन. आठ पावलं त्याची आणि आठ पावलं माझी!

पंगतीत मी हेच सांगत होतो. शेजारचे गृहस्थ हसत होते, "मग? मग?" करत होते. समोरच्या ओळीतलेही कान देऊ लागले. तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी उठलो, पंगतीच्या मधल्या जागेत आलो आणि तो गोल कसा मापायचा ते करून दाखवलं. कोंबडी अंगणात चालते तशी आठ बारीक पावलं. वाढपी थांबले. बायका हसल्या. आमची ही चौथ्या पानावर होती, ती मात्र खाली बघून भाजी कालवत राहिली.

हात धुताना ते गृहस्थ शेजारच्या नळावर आले. म्हणाले, "मजा आली, भाऊ. मी धुळ्याला असतो. आजच निघतोय. सासऱ्यांना सांगतो तुमची भेट झाली म्हणून."

"सासरे कोण?"

त्यांनी रुमालानं मिशा पुसल्या. "तेच. कोंबडीच्या चालीचे."

घरी आलो ते बसवेना. पाच मिनिटं सोफ्यावर, मग गॅलरीत, मग उगाच फ्रिज उघडून बघ. आबांना, म्हणजे त्या जुन्या गोलकीपरना, स्मरणिकेच्या प्रकाशनात क्लब शाल देणार होता. पत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यात वर. महिन्यापूर्वी मीच फोन करून निमंत्रण दिलं होतं, तर त्यांचा आवाज भरून आला होता. 'एवढ्या वर्षांनी ध्यानात ठेवलं का रे तुम्ही?' असं म्हणाले होते. आणि आता जावई जाऊन त्यांना कोंबडी करून दाखवणार.

तीनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत तीनदा कापला. काय बोलणार? की गोष्ट खोटी आहे म्हणून? खोटी तर नव्हती. खरं सांगतो, आतून मला बरंही वाटत होतं. तीस वर्षांनी कुणीतरी मला निर्दोष सोडलं होतं. त्या बरं वाटण्यानंच जास्त बेचैन होत होतो.

"बसा जरा," ही म्हणाली. "फरशी झिजेल."

"सकाळी धुळ्याला जातो. समक्ष बोलतो."

"मीही येते."

"तू कशाला?"

"तुम्ही एकटे गेलात तर तिथं अजून काहीतरी करून दाखवाल."

सकाळी निघालो. एरंडोल कधी गेलं कळलं नाही. मनात वाक्यं जुळवत होतो. 'आबा, ती एक गंमत होती.' नको, गंमत म्हटलं की अजून लागतं. 'आबा, जावईबापूंनी काही सांगितलं का?' नको, नसेल सांगितलं तर मीच पायावर धोंडा. ट्रकच्या मागे मागे गाडी चालवत मी मोठ्यानं सराव करत होतो. ही खिडकीतून कापसाची शेतं बघत होती. एकदाच म्हणाली, "माफ करा म्हणायला एवढी वाक्यं लागतात का?"

पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. गल्ली सापडली. आबा ओट्यावरच बसले होते, पांढरा बनियन, लेंगा. सत्तरीचे, वाळलेल्या शेंगेसारखे. मी गाडीतून एक एक पाय बाहेर काढतोय तोच आवाज आला.

"ये रे, लांबटांग्या! वाटच दखी राह्यन्तू."

म्हणजे पोचलं होतं.

त्यांच्या मुलीनं पाणी आणलं, चहा आणला. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. कप मात्र हिच्या हातात नीट दिला. आबा शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. काचेच्या नळ्या, ताजवे, मोजपट्ट्या यांत त्यांचं आयुष्य गेलं. घरी अहिराणी, आणि काही गंभीर बोलायचं झालं की शाळेतली मराठी, असं त्यांचं होतं.

"आबा, काल जे झालं त्याबद्दल..." मी सुरुवात केली.

"जवाईनी सांगं माले. हसत हसत सांगं. मी बी हासनू." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "पण मग विचार केला. रात्रभर पाय मोजत होतो. माझे पाय लहान आहेत हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून मी टांग ताणून टाकायचो. अशी. जेवढी ताणता येईल तेवढी. फसवायचं असतं तर साधं चाललो असतो."

"हो आबा, मी कुठं म्हटलं फसवलं..."

"टेप शे का तुनाजोडे?"

माझ्या खिशात टेप असतेच. नळ्यांच्या धंद्यात ती अंगाचा भाग होऊन जाते. मी नाही म्हणायला हवं होतं. पण हात आपोआप खिशाकडे गेला आणि त्यांनी तो बघितला.

आबा ओट्यावरून उतरले. मुलगी म्हणाली, "आबा, गुडघा!" त्यांनी ऐकलं नाही. गल्लीत विजेच्या खांबाला टाच लावून उभे राहिले. समोरच्या दारात एक बाई सुपात बाजरी पाखडत होती. तिनं विचारलं, "आबा, काय मापी राह्यनात?"

"मनी इज्जत," आबा म्हणाले, आणि त्यांनी पहिलं पाऊल टाकलं.

खरंच ताणून टाकलं. लेंग्याची शिवण तटतटली. दुसरंही तसंच. तिसऱ्याला हात आडवे पसरले, तारेवरून चालल्यासारखे. चौथ्याला गुडघा वाजला, मला ऐकू आला. पाचवं अर्धंच पडलं. सहाव्याला त्यांनी भिंत धरली. काल मी ज्यावर लोकांना हसवलं तेच हे, फक्त इथे हसायला कुणी नव्हतं. बाजरीवालीचं सूपही थांबलं होतं.

"आबा, पुरे."

"मोज."

सातवं. आठवं. तिथं त्यांनी चपलेनं मातीत रेघ ओढली आणि खाली वाकून गुडघे धरले.

हिनं टेपचं टोक खांबाला धरलं. मी टेप ओढत रेघेपर्यंत गेलो. साडेसतरा फूट. खरा गोल चोवीस फुटांचा असतो.

"किती?" वाकल्या वाकल्याच आबांनी विचारलं.

मी टेपकडे बघितलं. हिच्याकडे बघितलं. ती लांबून माझ्याकडेच बघत होती.

"बावीस," मी म्हणालो. "बावीस भरलं, आबा. आणि आता वयही झालंय. तेव्हा चोवीस नक्की असेल."

आबा सरळ झाले. लंगडत माझ्यापर्यंत आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्या अंगठ्याखालचा आकडा वाचला. अख्खी नोकरी दुसऱ्यांची मापं तपासलेला माणूस. त्याच्यापुढे मी टेपवर खोटं बोललो होतो.

"साडेसतरा," ते म्हणाले. चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग, "काल हासना ते ठीक. आज खोटं काब्रं बोलना?"

खोटं का बोललो? येताना जुळवलेल्या वाक्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं.

ओट्यावर बसून त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. आता शाळेतली मराठी आली. "लिही तू. साडेसतरा लिही. जे आहे ते लिहायचं. आणि क्लबला सांग, शाल दुसऱ्या कुणाला द्या. गोलच लहान, त्याचा सत्कार कशाला करायचा?"

"आबा, असं नका करू. पत्रिका छापल्यात..."

"पत्रिकेचं मला काय?" ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पन्नास वर्षं मला वाटत होतं, मी चांगला होतो. बाकी काही फार जमलं नाही बघ. पण हे एक जमलं होतं, असं वाटत होतं."

मुलगी दारातून आत गेली. ही उठली आणि तिच्यामागे आत गेली. आत दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी ओट्यावर आबांच्या शेजारी पाय कुठे ठेवावेत ते न कळून बसून राहिलो. इतके लांब पाय मला त्या दिवशी पहिल्यांदा अडचणीचे वाटले. निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण तो रीत म्हणून ठेवला होता, ते कळतं.

धुळ्याबाहेर पडेपर्यंत मी गाडी दोनदा चुकीच्या रस्त्याला घातली. हायवेला लागल्यावर बोलू लागलो. थांबताच येईना. स्मरणिकेतून सगळाच भाग काढून टाकतो. नाहीतर दोन्ही फोटो छापतच नाही. नाहीतर बकरीवाला छापतो आणि जुना हरवला म्हणून सांगतो. नाहीतर मीच आजारी पडतो, इतिहास दुसरा कुणीतरी लिहील. ही ऐकत होती. काचेतून समोर बघत बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, संध्याकाळच्या भाजीचं असेल.

पारोळ्याला चहाला थांबलो. टपरीपुढे केळीचा एक ट्रक उभा होता, ड्रायव्हर चाकांना लाथा मारून हवा बघत होता. चहा आला. मी उभाच. ती बाकावर बसली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "आबा आठ पावलं टाकायचे ती एकाच टोकाला ना? मग दुसऱ्या टोकाचा गोल कोण मापायचं?"

"कुणी नाही. पहिल्याच्या रुंदीएवढी दोरी तोडायची आणि तीच नेऊन तिकडे लावायची."

"म्हणजे दोन्ही गोल सारखेच."

"सारखेच असावे लागतात."

"मग समोरच्या संघाचा गोलकीपरही त्याच साडेसतरा फुटांत उभा राहायचा."

"हो."

"त्याला कसे गोल बसले?"

मी कप ओठापर्यंत नेलेला तसाच राहिला. वहीतल्या त्या ओळी डोळ्यांपुढे आल्या. मी इतके दिवस समोरच्यांची शून्यंच बघत होतो. आमच्या बाजूला काय लिहिलंय ते बघितलंच नव्हतं. दोन, तीन, एक, तीन, दोन. धुळ्याचे, अमळनेरचे, भुसावळचे गोलकीपर त्याच बांबूंमध्ये, त्याच दोरीखाली उभे राहिले होते. त्यांनी दोन-दोन, तीन-तीन खाल्ले. आबांनी एकही नाही.

"आणि तुमच्या शेवटच्या मॅचला," ती पुढे म्हणाली, "तुम्ही किती खाल्ले होते?"

"पाच."

"आणि तुमच्याच पावलांच्या गोलमध्ये पलीकडे जो उभा होता, त्यानं?"

"एक."

तिनं मान हलवली. निर्दोष सुटल्याचं माझं सुख महिनाभर टिकलं होतं. ते पारोळ्याच्या टपरीवर, एका कटिंग चहात संपलं. ट्रकवाला निघून गेला. मी काहीतरी म्हणायला गेलो, की माझ्या वेळी पाऊस जास्त असायचा, मैदान घसरडं असायचं, हे मी मुलांना इतकी वर्षं सांगत आलोय. पण तिनं कप फळीवर ठेवला होता आणि पदरानं तोंड पुसत ती उभी राहिली होती.

"चहा संपवा आणि गाडी धुळ्याकडे वळवा," ती म्हणाली. "त्यांना दोन्ही गोलांचं सांगायचंय. मी नाही, तुम्हीच सांगायचं. आणि सांगताना आधी तुमचे पाच सांगा."